मिसुझू कॅमेऱ्याला काय म्हणाली

आमच्या घरात चार हिवाळे एक कॅमेरा येऊन-जाऊन राहिला, आणि माझी सून त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलली. हे मला आवडलं की नाही ते सोडा. ती काय बोलली एवढंच मला कळायला हवं होतं.

यामागातात, जुन्या बाजाराच्या गल्लीत, सुगिमोरींचं लोणच्यांचं दुकान कुणालाही विचारा, दाखवतील. माझ्या नवऱ्याच्या आजोबांनी ते काढलं. नवरा गेल्यावर माझा मुलगा तेत्सुरो बसला. मग तेत्सुरोही गेला. लोणचं दाबायचा पिंपावरचा दगड उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही. उरलो मी किनुयो आणि सून मिसुझू.

मिसुझू समुद्राकडची, साकाताची. वय पंचेचाळिशीचं, पदरात मूल नाही, हातात कसब आहे. तिच्या थोरल्या बहिणीची साकाताच्या बंदरावर खानावळ आहे, आणि ती बहीण दर नव्या वर्षाला फोन करून म्हणते, ये इकडे, काय त्या म्हातारीपाशी बसलीयस. फोनवर ती इतकी मोठ्याने बोलते की 'म्हातारी' मला मधल्या खोलीत ऐकू येतं. अशी बाई सासूपाशी का राहते, हा प्रश्न गल्लीत सगळ्यांना पडलेला, आणि तो विचारायला सगळे माझ्याकडेच यायचे. मी सांगायचे, "तिचं घर आहे, म्हणून राहते." आणि मनात म्हणायचे, उद्या गेली तर पिंपं कोण हलवणार? हे मी नुसतं पिंपांबद्दल म्हणत नव्हते, शहाण्याला कळेल.

कॅमेरा होता युनचा. युन तैवानची पोरगी. एका वर्षाआड ऑक्टोबरात आमच्या गावात जगभरचे माहितीपट येतात. हॉटेलं भरतात, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली परदेशी माणसं गल्लीबोळांत हिंडतात आणि सायंकाळी कुठे ना कुठे बसून भांडतात. कुठल्याशा दूरच्या देशातल्या पुराबद्दल भांडतात, पण अशी जोरात की जणू पूर त्यांच्याच स्वयंपाकघरात शिरलाय. तशीच युन एकदा आली, आमच्या ओट्याशी उभी राहून वांग्याचं लोणचं चहाबरोबर खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाली, "याचं चित्रण करू?"

म्हटलं, "लोणच्याचं कर. लोणचं लाजत नाही."

तिने लोणच्याचं केलं, मग दगडांचं, मग माझ्या हातांचं. मग एक हिवाळा संपला नि दुसरा आला तरी ती होतीच. भाषा आमच्याच घरात शिकली. त्यामुळे ही एवढीशी पोर बोलायला लागली की वाटतं डोंगरातली ऐंशी वर्षांची आजी बोलतेय. तोक्योची माणसं तिचं बोलणं ऐकून आधी हसतात आणि मग वाकून नमस्कार करतात.

आता आमच्याकडे कॅमेरा आला म्हणजे पाहुणाच आला. युन दारात दिसली की मी रोजचा एप्रन काढून निळा, पाहुण्यांसमोरचा बांधायचे. चांगली बशी काढायचे. चहा आधी तिला आणि मग, रिकामं कसं ठेवायचं म्हणून, एक पेला कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापाशी. ती म्हणायची, "आई, मी नाही असं समजा." मी म्हणायचे, "नाहीस असं कसं समजू, समोर उभी आहेस की." मिसुझूचं मात्र वेगळं होतं. मी शेतावर पालेभाजी बघायला गेले, की या दोघी मागच्या कोठारात, पिंपांच्या पलीकडे, उलट्या टोपल्यांवर बसायच्या. मी परत आले की गप्प. दोघींचे चेहरे असे, जसं मांजराने दूध प्यायलंय आणि मिशाही पुसल्यात.

त्या चित्रपटाला तिने नाव दिलं 'दगडाखाली'. आणि या वर्षी तो आमच्याच गावच्या महोत्सवात, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घेतला. जगभरातून आलेल्या ढिगातून निवडलेले मूठभर, त्यात आमची पिंपं!

समोर तोफूवाली हात्सुए राहते. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तेव्हापासून मागे वळून बोलायची तिची खोड गेलेली नाही. ती म्हणाली, "किनुयो, तुझं तोंड आता जगभर दिसणार म्हणे. जगाने असं काय पाप केलंय?"

"तुझं दिसलं असतं तर प्रलय आला असता," मी म्हटलं.

खरं तर तो चित्रपट मला आधीच बघता आला असता. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांना आधी दाखवायचा, असा युनचा नियम. ती उन्हाळ्यात लॅपटॉप घेऊन आली. मी म्हटलं, "ताटाएवढ्या काचेवर मी स्वतःचं तोंड बघणार नाही. लोकांनी तिकिटं काढू देत, मोठ्या पडद्यावर बघेन." मिसुझूने मात्र वरच्या मजल्यावर बसून बघितला. खाली आली, हात धुतले आणि काकड्या निवडायला बसली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे, आई."

"तू आहेस त्यात?"

"आहे."

"बोलतेस?"

"थोडीशी."

"काय बोलतेस?"

"तुम्ही मोठ्या पडद्यावर बघणार आहात ना?" ती म्हणाली आणि एक वाकडी काकडी बाजूला टाकली.

आता काय करता? आपलेच दात, आपलेच ओठ. एकदा मोठा पडदा म्हटलं की म्हटलं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माणूस कॅमेऱ्याला काय सांगतं? जे घरी सांगत नाही ते, की जे घरी रोज सांगतं पण कुणी ऐकत नाही ते? शेजारीण असती तर चहा पाजून काढून घेतलं असतं. कॅमेऱ्याला चहाही पाजून झाला होता.

महोत्सव सुरू झाला. आमचा चित्रपट शनिवारी दुपारी होता. मी ठरवलं, त्याच्या आधी बाकीचे बघायचे. स्पर्धा म्हटली की समोरच्याचं पाणी जोखायला नको? आणि खरं सांगायचं तर बघायचं होतं की अशा चित्रपटांत सुना काय बोलतात. हात्सुएला बरोबर घेतलं, कारण एकटीने गेलं तर तिलाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं असतं.

पहिला चित्रपट एका मिठागराचा. कुठल्या तरी उष्ण देशातला. माणसं मीठ ओढतायत, मीठ ओढतायत, मीठ ओढतायत. शेजारी परदेशी तरुण डोळे पुसत होता. हात्सुए झोपली. मी मात्र ताठ बसून बघितला, कारण मीठ मला कळतं. ते चांगलं मीठ होतं.

दुसरा एका बस चालवणाऱ्याचा आणि त्याच्या आईचा. आई दिसतच नाही, फक्त फोनवर त्याला ओरडते. बस डोंगरकड्यावरून चाललीय आणि ही विचारतेय, जेवलास का. सगळे हसले. मला त्या बाईचं म्हणणं पटलं.

तिसरा उंच डोंगरातल्या एका गावाचा. तिथे एक बाई नदीवर घोंगड्या धुते, आणि धुता धुता कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "सासू मेली की मी पुढच्या खोलीत झोपेन. तिथे ऊन येतं." एवढंच. आणि पुन्हा घोंगडी आपटायला लागते. मागून तिची सासू काठी टेकत येते आणि म्हणते, "नीट पीळ." हॉलमध्ये हास्याची लाट उसळली. हात्सुए तर जागी होऊन हसली.

मी नाही हसले. आमच्या घरात पुढच्या खोलीत मी झोपते.

चित्रपट संपला की दिग्दर्शक पुढे येऊन उभा राहतो आणि लोक प्रश्न विचारतात, अशी इथली पद्धत. कुणीही हात वर करायचा, मग माइक येतो. गावातला न्हावी विचारतो, पोस्टातली बाई विचारते आणि दुभाषी ते सगळं इंग्रजीत सांगते. मी हात वर केला.

"ती सासू," मी विचारलं, "तिने हा चित्रपट बघितला का?"

दाढीवाला दिग्दर्शक म्हणाला, हो, गावात चादर बांधून दाखवला. सासू शेवटपर्यंत बसली. मग उठून म्हणाली, माझं घर छान दिसतंय.

"आणि खोली?"

दुभाषीने विचारलं. तो हसून म्हणाला, अजून सासूच झोपते.

"बघ," बाहेर पडताना हात्सुए म्हणाली, "काही होत नाही. तुझी मिसुझूसुद्धा काही म्हणाली असली तर म्हणाली असेल."

"काय म्हणाली असेल?"

"मला काय माहीत? सगळ्या गल्लीला माहीत आहे की ती जाणार. पण कधी, ते कुणाला माहीत नाही."

"सगळ्या गल्लीला?"

"अगं, बोलतात लोक. तोफू घ्यायला आले की बोलतात. तोफू काही बोलत नाही, म्हणून मग मीच."

त्या दिवशी मी तिच्याकडून तोफू घेतला नाही.

शुक्रवारी नदीकाठी अळकुड्यांचा रस्सा होता. शरदात आमच्याकडे नदीच्या वाळूत चुली मांडून मोठ्या हंड्यांत तो शिजवतात, आणि महोत्सवाच्या पाहुण्यांना गावातल्या बायका वाढतात. आमच्याकडे त्यात गोमांस आणि सोयाचा रस घालतात. मिसुझूच्या माहेरी डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालतात आणि त्यालाही तेच नाव देतात, म्हणजे बघा. युन वाडगा घेऊन दगडावर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

"युन, पोटभर खा."

"खाते, आई."

"मिसुझू तुला काय म्हणाली?"

तिने एक अळकुडी तोंडात टाकली आणि ती इतका वेळ चावली की अळकुडीलाही लाज वाटावी.

"उद्या बघा ना."

"उद्या बघायचंच आहे. आज नुसतं सांग, माझ्याबद्दल वाईट म्हणाली का?"

"नाही."

"चांगलं म्हणाली?"

"नाही."

"मग काय हवामानाबद्दल बोलली?"

युनला हसू आलं. मग वाडगा मांडीवर ठेवून ती म्हणाली, "आई, मी तिला एकच प्रश्न विचारला होता. पुढे काय करणार, इथे राहणार का, हाच. तुम्ही तो तिला कधी विचारलात?"

"घरात असं कुणी विचारतं का?" मी म्हटलं. "ती घरातली आहे. घरातल्या माणसाला राहणार का विचारायचं म्हणजे जा म्हणण्यासारखंच झालं."

युनने वाडगा उचलून पुन्हा खायला घेतलं. आमच्या घरातली तीही थोडी होतीच.

शनिवारी सकाळी मी मिसुझूला म्हटलं, "दुकान बंद ठेव, चल."

"आई, शनिवारी दुकान बंद?" ती म्हणाली. "तेत्सुरो गेला त्या दिवशीसुद्धा अर्धं दार उघडं होतं."

हे खरं होतं. आमचं दुकान नव्या वर्षाचे दिवस सोडले तर कधी बंद नसतं. मीच घालून दिलेली शिस्त, मीच कशी मोडू? मी निळा किमोनो नेसले, केस बसवले आणि हात्सुएबरोबर गेले. मिसुझू दारात उभी राहून "सांभाळून जा" म्हणाली. रोजच्याच सुरात. त्या सुरावरून माणूस काय ओळखणार?

हॉल भरला होता. दिवे गेले.

पडद्यावर आधी काहीच नव्हतं, फक्त आवाज. पिंपात पाणी सुटतं तो बुडबुड आवाज. मी आयुष्यभर ऐकत आले, पण अंधारात, एवढ्या माणसांत ऐकला नव्हता. मग माझे हात आले, दाराएवढे मोठे. नखाखालची हळदसुद्धा दिसत होती. हात्सुएने मला कोपराने ढोसलं.

मग मी आले. बर्फ पडतंय, मी निळ्या एप्रनमध्ये. बर्फ वितळलं, मी निळ्या एप्रनमध्ये. प्लमला फुलं आली, तोच एप्रन. मी चहा ओततेय, कॅमेऱ्यापुढे ठेवतेय, "घ्या" म्हणतेय. चार वर्षं मी फक्त चहाच ओतत होते की काय, असं वाटायला लागलं. लोक हसत होते, पण वाईट नव्हे. एकदा तर मी कॅमेऱ्याला "अजून एक घ्या" म्हणते तेव्हा पुढच्या रांगेतला परीक्षक, पांढऱ्या केसांचा, मान हलवून "हो" म्हणाला.

आणि मग कोठार आलं. उलटी टोपली. मिसुझू पाठमोरी बसून पाला धुतेय. नळाचं पाणी इतकं गार की हात लाल झालेत. युनचा आवाज येतो, आमच्याच हेलात: "मिसुझूताई, पुढे काय? इथेच राहणार का?"

मी पुढे सरकले. हात्सुएने श्वास रोखला, तोही ऐकू आला.

मिसुझूने पाणी बंद केलं. हात एप्रनला पुसले. ती वळली, आणि तिचा चेहरा, मी रोज बघते तो, पण असा कधी मी बघितला नव्हता. कुणीतरी काही तरी विचारलंय आणि आता आपण सांगायचं, असा चेहरा. तिने तोंड उघडलं. म्हणाली, "खरं सांगू तर..."

आणि पडद्याबाहेरून कुणीतरी गरजलं: "मिसुझूऽऽ! जाडं मीठ कुठे ठेवलंस?"

मिसुझूने तोंड मिटलं. "आले, आई," म्हणाली, उठली आणि निघून गेली. कॅमेरा रिकाम्या टोपलीकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. आतून माझा आवाज येत होता, मीठ, पाट आणि कुणाचं डोकं कुठे असतं याबद्दल.

हॉल हसून हसून लोटपोट झाला. शेजारी हात्सुए डोळे पुसत होती. मी बसल्या जागी थंड. मला आठवेना की तो कुठला दिवस होता. मी रोजच ओरडते. ज्या एका वाक्यासाठी मी मिठागरं, बस नि नद्या बघत हिंडले, ते मीच मधून कापून टाकलं होतं, आणि तेही जाड्या मिठासाठी! जाडं मीठ नेहमीच्या जागी होतं. मला माहीत होतं ते.

चित्रपट पुढे गेला. मला पुढचं फारसं आठवत नाही. दिवे आले, टाळ्या झाल्या, युन पुढे येऊन वाकली. तिच्या शेजारी दुभाषी, काळ्या कोटातली, चष्मेवाली. आधी कुणी दगडांबद्दल विचारलं, मग कुणी प्रकाशाबद्दल. मी हात वर केला. माइक आला.

"मी ती," मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताने थांबवल्या. "माझा प्रश्न. ती काय म्हणणार होती?"

दुभाषीने ते इंग्रजीत सांगितलं.

युन म्हणाली, "मला माहीत नाही, आई."

"नंतर विचारलं नाहीस?"

"विचारलं. ती म्हणाली, आता सुचत नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही चहाला हाक मारलीत. मग मी विचारायचं सोडलं. मला वाटलं, हेच खरं आहे, हेच ठेवू."

"म्हणजे तू चार वर्षं माझा चहा प्यायलीस आणि उत्तर न घेता चित्रपट संपवलास, गधडे?"

दुभाषी थांबली. 'गधडे'चं काय करायचं म्हणून ती युनकडे बघायला लागली. युन म्हणाली, "सांगा, सांगा, ते प्रेमाने आहे." तिने सांगितलं. परदेशी माणसांनी माना डोलावल्या.

"पण ती इथेच आहे की," युन म्हणाली आणि मागे बोट दाखवलं. "तिलाच विचारा."

मी वळले. अगदी मागे, दारापाशी, मिसुझू उभी होती. दुकानाचा एप्रन तसाच, डोक्याला रुमाल. दुकान बंद करून आली होती. शनिवारी!

दुसरा एक माइक हातोहात मागे गेला, पहिला माझ्याकडेच होता. आम्ही दोघी अख्ख्या हॉलच्या दोन टोकांना, दोघींच्या हातात माइक.

"दुकान?" मी म्हटलं.

"बंद केलं."

"गिऱ्हाईक?"

"आई, तुम्हाला दुकानाचं विचारायचंय का?"

लोक हसले. दुभाषी भराभर सांगत होती. मी घसा साफ केला. माझ्या आयुष्यात मी पोलिसांशी भांडलेय, मासळीवाल्याशी भांडलेय, महापालिकेच्या माणसाला दारातून परत पाठवलंय. पण ते चार शब्द माझ्या तोंडातून असे निघाले जसं चिखलातून पाय निघतो.

"मिसुझू. तू राहणार का?"

आणि मग मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा विचार आला की आता काही बोलायचं नाही. बोलायला खूप होतं. तुझी खोली बदलून देते, तुझी बहीण बोलते ते मला ऐकू येतं, तेत्सुरोचा दिवा कोण लावेल, सगळं दाताशी आलं होतं. गिळलं.

कुणी खोकलं. दुभाषीलाही काही सांगायचं नव्हतं म्हणून ती पाणी प्यायली.

"त्या दिवशी," मिसुझू म्हणाली, "मी म्हणणार होते, नाही. ताईकडे जाणार. वसंतात."

हात्सुएने माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

"मग मीठ द्यायला आत गेले. पिंपं भरायची होती, ती भरली. मग वसंत आला तेव्हा वांग्यांची रोपं आली होती." तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. "मला इथलं काम आवडतं, आई. पण मला बुधवार हवा."

"कसला बुधवार?"

"सुट्टीचा. दर बुधवारी दुकान बंद. किंवा तुम्ही बसा, मी नाही. मला सोळा वर्षांत एक दिवस असा मिळाला नाही ज्या दिवशी कुणी 'मिसुझू' म्हणून हाक मारली नाही."

दुभाषीने हे सांगितलं आणि हॉलमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडच्याही आणि परदेशीही. पोस्टातली बाई तर उभी राहिली. मी तिला नंतर बघून घेईन.

"दर बुधवारी?" मी म्हटलं. "सुगिमोरींचं दुकान दर आठवड्याला बंद? लोक म्हणतील, म्हातारी मेली."

"दारावर पाटी लावू, म्हातारी जिवंत आहे म्हणून."

इतकं हसले लोक की दुभाषीला सांगायला थांबावं लागलं. परदेशी मग वेगळे हसले, उशिरा.

"महिन्यातून दोन," मी म्हटलं.

"चार."

"डिसेंबरात नाही. डिसेंबरात लोक सरत्या वर्षाचं लोणचं नेतात."

"डिसेंबरात नाही," मिसुझू म्हणाली. "नोव्हेंबरात पाल्याचं लोणचं घालायचं तेव्हाही नाही. बाकी सगळे."

"आणि काय करणार बुधवारी?"

"ते माझं मी बघेन."

मला तेही विचारायचं होतं, लगेच, तिथेच. पण तिचा चेहरा पडद्यावरच्यासारखा झाला होता, आणि मी एकदा तो चेहरा घालवला होता. म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. दुभाषीने त्याचंही भाषांतर केलं, लांबलचक. तिने त्यात काय काय घातलं कुणास ठाऊक.

बक्षिसांच्या दिवशी मोठं बक्षीस मिठागराला मिळालं. मिठाचं मी आधीच सांगितलं होतं. आमच्या 'दगडाखाली'ला परीक्षकांनी खास उल्लेख दिला आणि युनला एक कागद मिळाला. तो तिने आमच्या दुकानात टांगायला दिला. मी म्हटलं, लोणच्याचा खारट ओला हात लागेल. ती म्हणाली, लागू दे. म्हणून वांग्यांच्या वर टांगलाय.

नोव्हेंबर, डिसेंबर ठरल्याप्रमाणे गेले. जानेवारीतला पहिला बुधवार आला. मिसुझू सकाळीच निघाली, चांगला कोट घालून, डोंगरापलीकडच्या बसने. मी दार ओढून घेतलं. गिऱ्हाइकं येऊन दार वाजवून गेली. एकीने मोठ्याने विचारलंही, "किनुयो आजी बऱ्या आहेत ना?" मी आत मधल्या खोलीत बसून बटाटे सोलत होते. उत्तर दिलं नाही. हात्सुए मागच्या दाराने आली आणि म्हणाली, "साकाताला गेली असेल. बहिणीकडे."

"असेल."

"परत येईल का?"

"हात्सुए, तोफू ठेव आणि जा."

दिवस फार लांब होता. रिकाम्या दुकानात पिंपं बुडबुडतात तेवढंच.

संध्याकाळच्या बसने ती आली. कोटाला खाऱ्या वाऱ्याचा वास होता, आणि हातात सुक्या माशांचं पुडकं. तिने बूट काढले, तेत्सुरोच्या फोटोपुढे हात जोडले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कुठे गेली होतीस?" मी विचारलं.

किटली उकळत होती, ती उतरवायला हवी होती. मी उतरवली नाही. ताट वाढायला हवं होतं. मी उठले नाही.

"ताईकडे," मग ती म्हणाली. "बंदरावर बसलो दोघी. तिने वरची खोली दाखवली. खिडकीतून समुद्र दिसतो. म्हणाली, आजच राहा, सामान नंतर आणू."

"मग?"

मिसुझूने पुडकं सोडायला घेतलं.

"मी म्हटलं, आज नाही जमणार. उद्या गुरुवार आहे."